जाईबाईंना आधी बोलवा

माझ्या बाबांची वाचा गेली ती एका मंगळवारी सकाळी सव्वादहा ते दुपारी सव्वातीनच्या दरम्यान, आणि त्यातले चार तास आम्ही त्यांना चुकीच्या दारात झोपवून ठेवलं होतं. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या जाईबाई. मी त्यांच्यावर रागावले आहे हे सगळ्या चाळीला माहीत आहे. किती रागावले आहे, ते मात्र मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. माझा स्वभाव मुळात तापट. भोईवाडा कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी वीस वर्षं टायपिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या फिर्यादी बडवायच्या आणि सहाला घरी यायचं. ही पहिल्यांदाच माझी स्वतःची लिहिते आहे.

जाईबाई आमच्या अगदी शेजारच्या. त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये लाकडी फळ्यांची भिंत. त्यांनी तिकडे फोडणी घातली की इकडे आम्ही शिंकणार. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी त्या परळात आल्या, तिशीच्या आत विधवा झाल्या आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात आया म्हणून लागल्या. एकतीस वर्षं त्यांनी तिथे बेडपॅन उचलले, ट्रॉल्या ढकलल्या, बाळंतिणींचे पाय धरले आणि बेवारस मेलेल्यांचे डोळे मिटले. मूलबाळ नाही. घरी आल्यावर अंघोळ, देवाला दिवा, आणि मग गॅलरीत स्टूल टाकून चाळीवर देखरेख.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना विचित्र वाटेल. गिरणगावातला माणूस हॉस्पिटलात एकटा कधी जात नाही. ओळख काढून जातो. आत कुणी वॉर्डबॉय, आया, अगदी कॅन्टीनमधला माणूस ओळखीचा असला तरी चालतो, पण असायला हवा. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर, टॅक्सीने पाचवर. तरी त्या मोठ्या फाटकातून आत जायचं म्हणजे छातीत धडकी. कुठली खिडकी, कुठला कागद, कोण ओरडेल, कोण हाकलेल. म्हणून आमच्या चाळीत कुणाला काहीही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं: जाईबाईंना आधी बोलवा.

आणि जाईबाई यायच्या. हातातली भाकरी तव्यावर टाकून यायच्या. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघायच्या, पोटावर हात ठेवायच्या, आणि निकाल द्यायच्या. "ह्यां काय्येक नाय. घरच्या डॉक्टराकडे जावा, उद्या गेलात तरी चलात." किंवा, "सकाळी ओपीडी. आठाच्या आदी लाईनीत." किंवा काहीच न बोलता साडीचा पदर खोचायच्या. तो खोचला की समजायचं, टॅक्सी बोलवायची.

माझ्या आईला दमा होता. मी कॉलेजात असताना एकदा तिला असा जोरात अटॅक आला की ओठ निळे पडले. कॅज्युअल्टीत एक नवा डॉक्टर फॉर्म भरत बसला होता. नाव, वय, पत्ता. जाईबाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "आदी ऑक्सिजन लावा. नाव मी सांगतंय." डॉक्टर चिडला, वरपर्यंत तक्रार गेली, जाईबाईंना लेखी समज मिळाली. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. त्या नऊ वर्षांतला एकेक दिवस आमच्या घरात जाईबाईंच्या नावावर होता.

म्हणून म्हणते, दुसऱ्या कुणी दगा दिला असता तर मी एवढी पेटले नसते.

२०१९ मध्ये त्या रिटायर झाल्या. दोन-तीन वर्षांत त्यांच्या ओळखीचे लोकही एकेक करून रिटायर झाले, बदलून गेले. चाळीतली नवी पोरं मोबाईलवर लक्षणं शोधू लागली. जाईबाई स्टुलावर बसायच्या, पण विचारायला येणारे कमी झाले. त्यांना ते लागलं होतं. एकदा माझ्याकडे म्हणाल्या, "आता माका इचारतत ते फक्त पाणी गेला काय म्हणून."

मग समोरच्या नव्या टॉवरच्या खाली ते क्लिनिक आलं. सत्वर अर्जंट केअर. काचेचं दार, एसी, सकाळी आठ ते रात्री अकरा, अपॉइंटमेंट नको. मालक डॉक्टर हर्षवर्धन, पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्याने आठ दिवसांत हेरलं की या गल्लीत डॉक्टरपेक्षा एका म्हातारीचा शब्द चालतो. तो जाईबाईंच्या खोलीत आला, चटईवर मांडी घालून बसला, कोकम सरबत प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्याकडे बसा. लोकांना फक्त सांगा, कुठल्या वेळी कुठे जायचं."

जाईबाई भुलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली. फळ्यांच्या भिंतीमुळे मी ती अक्षर न् अक्षर ऐकली. तुमच्याकडे टाके घालतात? हो. प्लॅस्टर? हो, एक्स-रे आहे. ताप, जुलाब, कानदुखी, मुरगळणं? सगळं. सीटी स्कॅन? नाही. ऑपरेशन? नाही. आयसीयू? नाही. "मगे छातीत कळ मारली, तोंड वाकडा झाला, असो माणूस इलो तर काय करशात?" डॉक्टर म्हणाला, "ताई, हातसुद्धा लावणार नाही. त्याच पावली पुढे पाठवणार. आमचं काम मधलं आहे. घरच्या डॉक्टरची वेळ नाही, उद्यापर्यंत थांबवत नाही, पण जीवाला धोकाही नाही, असं जे असतं ना, ते आमचं."

"ह्यां भिंतीर लिवशात?" जाईबाईंनी विचारलं.

त्याने लिहिलं. म्हणजे मजकूर जाईबाईंनी सांगितला आणि टाईप मी केला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. वरच्या अर्ध्यात: आपल्या पायांनी चालत आलात, नीट बोलताय, श्वास नीट चाललाय, तर इथे या. खाली लाल अक्षरात: छातीत दुखतंय, दम कोंडलाय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हातपाय लुळा पडलाय, शुद्ध हरपलीय, रक्त थांबत नाही, तर इथे थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. तो बोर्ड काचेच्या दाराशेजारी लागला आणि त्याच्याखाली जाईबाईंची खुर्ची. फिकट निळा कोट, छातीवर नावाची पट्टी: जाईताई, पेशंट कोऑर्डिनेटर. एकतीस वर्षं 'ए आया' ऐकलेल्या बाईला सगळे ताई म्हणू लागले. पहिल्या दिवशी कोट घालून त्या बाबांना दाखवायला आल्या. बाबांनी आपल्या त्या आवाजात सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशी घोषणा केली, "आणि आता मैदानात उतरत आहेत, परळच्या सुप्रसिद्ध अष्टपैलू खेळाडू, जाईताई!"

बाबांचा आवाज म्हणजे काय होता, ते इथे सांगायला हवं. जयवंत हे त्यांचं नाव, पोस्टात नोकरी केली, पण लालबाग-नायगाव-प्रभादेवीत त्यांना लोक ओळखायचे ते कबड्डीच्या सामन्यांमुळे. कुठल्याही मंडळाची स्पर्धा असो, माइकवर जयवंत. चढाई करणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याने बोनसची रेषा ओलांडली की पंचांच्या आधी त्यांचा आवाज उठायचा. कागद नाही, काही नाही, प्रत्येक खेळाडूचं नाव, गाव, जुना हिशेब सगळं तोंडात. घरी मात्र ते कमी बोलायचे. माइक हातात आला की माणूस बदलायचा.

क्लिनिक खरंच चांगलं चाललं, हे मी नाकारणार नाही. समोरच्या बेबीताईंचा अंगठा सुरमई कापताना कोयत्याखाली आला, वीस मिनिटांत टाके घालून त्या परत कालवण ढवळायला हजर. त्यांचे यजमान मनमोहनकाका जिन्यावरून घसरले, एक्स-रे, पट्टी, तासाभरात घरी. पूर्वी अशा कामाला कॅज्युअल्टीत अर्धा दिवस जायचा आणि तिथे खऱ्या मरणाऱ्या माणसांच्या रांगेत आपला अंगठा धरून बसायची लाज वाटायची. जाईबाई खुर्चीवरून निवाडा करायच्या: तू आत जा, तू घरच्या डॉक्टराकडे, शुगरच्या गोळ्या बदलण्याचा हा दवाखाना नव्हे, तू हॉस्पिटलात.

वर्षभराने बोर्ड गेला. एक दिवस संध्याकाळी येताना मी बघितलं तर तिथे हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता आणि वर लिहिलेलं, 'सर्व उपचार, एकाच छताखाली'. मी जाईबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रंगकाम हा. लावतले परत." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण जाईबाई कुणाशीही बोलताना डोळ्यात डोळे घालून बोलतात. पण मी भाजीची पिशवी घेऊन वर आले आणि विसरले.

आता तो मंगळवार. मी वकीलसाहेबांच्या कामासाठी लांबच्या दुसऱ्या कोर्टात गेले होते. सव्वादहाच्या पुढे बेबीताईंचा फोन आला. "मेघना, बाबांना कायतरी होतंय गं. चहाचा कप सांडला हातातून. तोंड बघ कसं एका बाजूला गेलंय, बोलतायत ते कळतच नाय." लाल अक्षरातला तो मजकूर मी स्वतःच्या बोटांनी टाईप केला होता. तोंड वाकडं, हात लुळा: सरळ हॉस्पिटल. मला पाठ होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "जाईबाईंना आधी बोलवा, मी आलेच."

हे मी वर्षभर कुणाला सांगितलेलं नाही.

जाईबाई क्लिनिकमध्ये होत्या. मग मनमोहनकाकांनी आणि खालच्या दोघांनी बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि रस्ता ओलांडून जाईबाईंकडे नेलं. टॅक्सी करून पाच मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलात पोचले असते. पण ओळखीचं माणूस इथे होतं, आणि माणूस जिथे ओळखीचा, तिथे आम्ही जातो.

मी पोचले तेव्हा अकरा वाजायला आले होते. बाबा पडद्यामागे पलंगावर, हाताला सलाइन. उजवा हात पोटावर ठेवला होता तसाच पडलेला. मला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. ते शब्द नव्हते. बाबांच्या तोंडून शब्द न निघणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

जाईबाई तिथेच उभ्या होत्या. तरुण डॉक्टरीण देविका, हर्षवर्धनच्या हाताखालची, ईसीजीच्या पट्ट्या लावत होती. जाईबाई तिला म्हणाल्या, "मॅडम, ह्येंका मोठ्या हॉस्पिटलात न्हेवक होयो. आत्ताच्या आत्ता." तेवढ्यात हर्षवर्धन आत आला. "जाईताई, बीपी दोनशेच्या वर आहे. आधी ते खाली आणतो, शुगर बघतो. न्यूरोचे सर एक वाजता येतात, ते बघतील. ऑब्झर्वेशनला ठेवू." जाईबाईंनी परत तोंड उघडलं. तो हसून म्हणाला, "ताई, इथे डॉक्टर कोण आहे?"

मी जाईबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता पदर खोचतील. आता याच्या हातातलं पेन काढून घेतील. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "जाईबाई, काय करू? तुम्ही सांगा."

त्या म्हणाल्या, "बघूया. डॉक्टर म्हणतत तर."

आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. डॉक्टर परका होता, त्याने फसवलं तर मी समजू शकते. पण ज्या बाईच्या शब्दावर आम्ही दोन पिढ्या मान ठेवली, तिने नेमक्या त्या घटकेला मान खाली घातली. एका नर्सने फॉर्म आणला, इंग्रजी, दोन पानी. मी सही केली. वकिलाकडे वीस वर्षं काढलेल्या बाईने न वाचता सही केली, कारण समोर जाईबाई बसल्या होत्या आणि त्या असताना वाचायचं काय?

न्यूरोचे सर एकला आले नाहीत. दोनला आले. पाच मिनिटं बघून म्हणाले, "यांना अजून इथे का ठेवलंय?" मग पत्र लिहिणं, मग अॅम्ब्युलन्स. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वातीन. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी म्हटलं, सव्वादहा. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. लेखणी खाली ठेवली. मग अगदी सावकाश समजावून सांगितलं की मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. "तुम्ही तर इथे भोईवाड्यातच राहता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने ओरडायला हवं होतं.

बाबा जगले. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जातात. हात थोडा आला. बोलणं आलं नाही. त्यांना सगळं कळतं. पेपर वाचतात, टीव्हीवर कबड्डी लागली तर चुकीच्या निर्णयावर डावा हात आपटतात. तोंडातून फक्त एक 'न' निघतो. न, न, न. हो म्हणायचं असलं तरी न.

मी तक्रार करायला निघाले, क्लिनिककडून फाइलची नक्कल मागितली. महिनाभर फेऱ्या मारल्यावर मिळाली. त्यात मी सही केलेला तो फॉर्म होता. आता मात्र वाचला. 'रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा सल्ला दिला. नातेवाइकांनी स्वतःच्या इच्छेने येथेच थांबण्याचा निर्णय घेतला.' वेळ, दहा पंचावन्न. खाली माझी सही. आणि साक्षीदार म्हणून, मराठीत, वळणदार पूर्ण नावाने, जाईबाईंची.

मी ती फाइल घेऊन त्यांच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी कागद त्यांच्या ताटात टाकला आणि त्यात काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माका म्हणाले, पेशंट भरती झालो त्याची सही," त्या म्हणाल्या. "माका इंग्रजी येता काय, मेघू?"

"बोर्ड काढला तेव्हा तर मराठीतच होता," मी म्हटलं. "तेव्हा का गप्प बसलात?"

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी इचारलंय. तो म्हणालो, ताई, बोर्ड वाचून लोक पाठ फिरवतत. तुमका हयसर बसाचा हा की नाय? मी गप ऱ्हवलंय." आणि मग, "आया होतंय तेव्हा कोणाच्या बापाक भियाले नाय गो. ताई झालंय आणि भियालंय."

खरं बोलल्या. पण त्या खरं बोलण्याने माझ्या बाबांची जीभ सुटणार नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही आमचा केसाने गळा कापलात." मी जे फोनवर बोलले होते ते मात्र मी तेव्हाही सांगितलं नाही. कागद उचलला आणि निघाले. तक्रार अजून चालू आहे. हर्षवर्धनने लेखी उत्तर दिलंय की रुग्णास क्लिनिकच्या कर्मचारी म्हणून नव्हे, तर त्याच चाळीत राहणाऱ्या शेजारीण म्हणून जाईबाईंच्या सांगण्यावरून आणण्यात आलं. त्यानेही हात झटकले आणि सगळं त्यांच्या अंगावर ढकललं. कोट आणि नावाची पट्टी जाईबाईंनी त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला परत केली होती.

त्यानंतर जाईबाईंनी एक वेगळंच काम सुरू केलं. दारोदार जाऊन त्या सांगू लागल्या. "माका हाक मारू नकात. छातीत दुखला, तोंड वाकडा झाला, दम लागलो, तर माझी वाट बघू नकात, ओळख काढू नकात, सरळ जावा. हॉस्पिटलाक तुमची ओळख लागना नाय." तिन्ही मजले, बावन्न खोल्या. आमचं दार तेवढं सोडलं. लोक हसायचे. "जाईबाई, असं काय करता? तुम्ही आहात म्हणून तर आम्ही बिनधास्त." बेबीताई म्हणाल्या, "म्हातारी मनाला लावून घेतलीय. आपण थोडीच तिला सोडणार?" जाईबाई प्रत्येक दारातून आणखी चिडून बाहेर पडायच्या. एवढी वर्षं जो विश्वास त्यांनी कमावला, तो आता कुणी परत घ्यायला तयार नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यातला रविवार. दुपारी दोनचा सुमार, चाळ जेवून सुस्तावलेली. मनमोहनकाकांना घाम फुटला, छाती दाबून ते गॅलरीतच बसले. बेबीताईंनी काय करावं? त्या धावत जाईबाईंच्या दारावर. "जाईबाई, चला! ह्यांच्या छातीत दुखतंय!"

आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी आमच्या दारात उभी होते, स्पष्ट ऐकला.

"जाईबाई! उघडा ना! तुम्ही चला बरोबर!"

आतून फक्त एवढंच: "मी येवचंय नाय. टॅक्सी करा आणि जावा."

बेबीताईंनी दार बडवलं, रडल्या, शिव्या दिल्या. दार उघडलं नाही. दोन मिनिटांत त्यांनी नाद सोडला, खाली कुणीतरी टॅक्सी थांबवली, काकांना उचलून नेलं. गॅलरी एकदम रिकामी झाली. मी आत आले तर बाबा पलंगावर उठून बसले होते, कान फळ्यांच्या भिंतीला. पलीकडे जाईबाई फोनवर बोलत होत्या. हॉस्पिटलातल्या कुणाशी तरी, जुना कुणी उरला असेल. "अरे बाबा, कॅज्युअल्टीच्या दारात ट्रॉली ठेव. छातीत दुखणारो माणूस येता, टॅक्सीन. दहा मिन्टात. नाय, मी येवचंय नाय. मी इलंय तर ही लोका पुढच्या येळाकव माझीच वाट बघत बसतली." फोन ठेवल्याचा आवाज आला आणि मग त्या रडायला लागल्या. तोंडात पदर कोंबून, पण ती भिंत म्हणजे नावालाच भिंत. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी ऐकलं. तिसऱ्या कुणी नाही.

मनमोहनकाका वेळेत पोचले. ट्रॉली दारातच होती, लगेच ईसीजी झाला, संध्याकाळपर्यंत अँजिओप्लास्टी. पाचव्या दिवशी ते घरी आले, फिकट पण आपल्या पायांनी. त्याच संध्याकाळी गॅलरीत बेबीताईंचा आवाज चढला. सगळा मजला जमला होता. "दार लावून घेतलंन तोंडावर! तीस वर्षांचा शेजार! माणूस मरत होता आणि ही आत कडी घालून बसली. देवाने तारलं म्हणून, नाहीतर आज मी..." लोक माना हलवत होते. कुणी म्हणालं, पैसे मिळायचे तेव्हा बरी खुर्चीवर बसायची. कुणी म्हणालं, जयवंतकाकांची वाट तिनेच लावली. जाईबाईंचं दार बंद होतं.

बेबीताई आमच्या दारात आल्या, डोळे पुसत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेघना, तू बरोबर होतीस तिच्याबद्दल. आम्हीच आंधळे. काय, बरोबर ना?"

पलंगावरून बाबांचा आवाज आला. "न." मग जोरात, "न, न, न." ते डाव्या हाताने फळ्यांची भिंत ठोकत होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. हजार माणसांच्या मैदानात बोलणारा माणूस एका म्हातारीची बाजू मांडायला तो एक 'न' फेकत होता, आणि बेबीताई म्हणाल्या, "बघ, त्यांनासुद्धा किती राग आलाय तिचा." मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं त्यांना काय हवंय. ट्रॉली दारात कुणी ठेवायला लावली, हे एक वाक्य. सगळा मजला समोर उभा होता, सगळे माझं ऐकायला थांबले होते.

"बेबीताई, चहा टाकते," मी म्हटलं. "घेणार ना?"

मी स्टोव्हकडे वळले. पलीकडे जाईबाईंकडे मघापासून भांडी वाजत होती, ती थांबली होती. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाठ करून पडले.